न येणाऱ्या विषयाचे सर

क्लासच्या पहिल्याच दिवशी मी गायधनी सरांना एक साधा प्रश्न विचारला. त्यांनी फळ्यावर प्रोग्रॅमची पहिली ओळ लिहिली होती आणि तिच्यात एक कंस होता.

"सर, हा कंस कशासाठी?"

सरांनी फळ्याकडे पाहिलं. कंसाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग एकदम चेहरा उजळला आणि म्हणाले, "माहीत नाही. छान प्रश्न आहे. काढून बघ बरं काय होतं."

मी काढून पाहिला. स्क्रीनवर लाल अक्षरांचा सडा पडला.

"बघ," सर समाधानाने म्हणाले, "काहीतरी होतंय म्हणजे तो कशासाठी तरी आहे. कशासाठी, ते आता उद्या तू मला सांग."

घरी येऊन मी बाबांना सांगितलं, की ज्या क्लासला तुम्ही मला घातलंत, तिथल्या सरांना विषय येत नाही. बाबा ओझरला विमानांच्या कारखान्यात होते. जे आपल्याला येत नाही त्याला हात लावायचा नाही, हे त्यांच्या हाडीमासी मुरलेलं. ते चपला घालत म्हणाले, "चल, नाव काढून घेऊ." मी म्हटलं, एक आठवडा बघते. कारण तोपर्यंत तो कंस कशासाठी असतो ते मला सापडलं होतं, आणि ते सांगायला माझ्याकडे सरांशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

सर पंचवटीतले. रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करणारं घराणं. थोरले भाऊ अजून पहाटे सोवळं नेसून घाटावर असत. सरांनी मात्र कॉमर्स घेतलं आणि सीएच्या शेवटच्या परीक्षेला बसत राहिले. "दर खेपेला वेगळ्या विषयात नापास झालो," ते सांगत, "म्हणजे तसं बघितलं तर सगळ्या विषयांत कधी ना कधी पास झालोय. फक्त एकाच वेळी नाही." नंतर त्यांनी रविवार कारंजाजवळ झेरॉक्सच्या दुकानाच्या वर अकाउंट्सचा क्लास काढला. नाशकातल्या कितीतरी बँकवाल्यांनी आणि कर सल्लागारांनी जमा-नावे तिथेच गिरवली. निकाल लागला की पेढे घेऊन मुलं येत. मग हळूहळू मुलं यायची, पण पेढे नसायचे. "सर, बीकॉम झालं, मार्कही आहेत. पण मुलाखतीत प्रोग्रॅमिंग येतं का विचारतात."

हे वाक्य सरांनी पुरेशा वेळा ऐकलं आणि पेंटरला बोलावलं. अकाउंट्सचा बोर्ड उतरला. 'फायनान्समधील करिअरसाठी प्रोग्रॅमिंग शिका' असा नवा बोर्ड चढला. सर स्वतः शिकायला बसले ते बोर्ड लागल्यानंतर. सरांच्या बायको, सुनंदाकाकू, म्हणायच्या, "आमच्याकडे आधी मांडव घालतात, मग मुलगी बघायला जातात."

आम्ही पाच-सहा जण होतो. मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. दीपाली सटाण्याकडची, हॉस्टेलवर राहणारी. आणि अनिकेत, इंजिनिअर झालेला, ज्याला खरं तर येत होतं आणि येतंय हे सगळ्यांना कळावं असंही वाटत होतं. सर व्हिडिओ बघून एक धडा पुढे असायचे. कधी कधी तेवढेही नाही. लग्नसराईत भावाच्या मदतीला जावं लागलं की सर एक धडा मागे असत. अशा दिवशी वर्गात आल्याबरोबर विचारत, "मंडळी, आपण काय शिकलो?" त्यात 'आपण' हा शब्द अगदी खरा असे.

पण त्यांच्या काही पद्धती होत्या आणि त्या कुठल्याच व्हिडिओत नव्हत्या. कीबोर्डला हात लावायच्या आधी संकल्प सोडायचा. म्हणजे उभं राहून मराठीत मोठ्याने सांगायचं, की मी अमुक अमुक, अमुक माणसाने घेतलेल्या अमुक कर्जाचा, अमुक व्याजाने, अमुक महिन्यांचा हप्ता काढणार आहे. एखादी गोष्ट राहिली तर सर हात वर करत. "थांब. व्याज वर्षाचं का महिन्याचं? माझा भाऊ संकल्पात गोत्र विसरला तर पुण्य भलत्याच्याच खात्यावर जाईल." अनिकेतला हा प्रकार खुळचट वाटे. दीपालीला फार आवडे. ती संकल्प अहिराणीत सोडायची आणि प्रोग्रॅम अडला की स्क्रीनकडे बोट करून विचारायची, "सर, हाई काय शे?" सर तिच्या शेजारी स्टूल ओढून बसत आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "चल, विचारू त्यालाच."

कॉम्प्युटरबद्दल त्यांचं एक मत ठरलेलं होतं. "हा अत्यंत आज्ञाधारक आणि अत्यंत मठ्ठ यजमान आहे. पळीभर पाणी सोडा म्हटलं की सोडणार. कुठे सोडा ते सांगितलं नाही तर मांडीवर सोडणार. मग ओल्या धोतराला कोण जबाबदार? गुरुजी."

हप्त्याचा प्रोग्रॅम एकदाचा चालला तेव्हा एक गंमत झाली. सगळे हप्ते फेडून झाले तरी शेवटी काही पैसे शिल्लक राहत होते. रुपये नाही, नुसते पैसे. अनिकेत म्हणाला, "एवढ्याकडे कुणी बघत नाही सर. शेवटी शून्य दाखवून टाकू."

"शून्य दाखवणं वेगळं आणि शून्य होणं वेगळं," सर म्हणाले. "पैसे कुठे जात नाहीत अनिकेत. माणसं जातात. शोधा."

तो आठवडा आम्ही ते पैसे शोधण्यात घालवला. दर महिन्याचा हप्ता आपण पूर्ण पैशात बसवतो, तेव्हा किंचित कातरण उरते. ती कातरण साठत जाते आणि म्हणून शेवटचा हप्ता थोडा वेगळा असावा लागतो, हे दीपालीच्या लक्षात आलं. तिने ते सांगितल्यावर सर खुर्चीतून उठलेच. "अरे, शेवटचा हप्ता वेगळा असतो हे मला माहीत होतं! बँकेच्या प्रत्येक तक्त्यात असतो. मी उभा जन्म शिकवलंय ते. का असतो, हे कुणी विचारलंच नाही!" मग स्वतःशीच पुटपुटले, "मीही नाही." खाली जाऊन त्यांनी सगळ्यांसाठी उसाचा रस आणला. स्वतःच्या अज्ञानाची मेजवानी देणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

अनिकेतच्या वडिलांचं नाशकातच द्वारका चौकात ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. मुलगा घरी काय सांगत होता कुणास ठाऊक, पण एक दिवस ते भर क्लासमध्ये आले. दारातच उभे राहिले.

"मास्तर, एक विचारू का? तुम्हाला येतं का हो हे?"

"नाही," सर म्हणाले.

ते गृहस्थ भांडणाची पूर्ण तयारी करून आले होते. या उत्तराने त्यांची पंचाईत झाली. "मग शिकवता कसं?"

"शिकवत नाही. बोर्ड बघा, 'शिका' असं लिहिलंय, 'शिकवतो' असं कुठे आहे? मी इथे बसतो. पोरांना माझ्यासमोर चुकायची लाज वाटत नाही, कारण ती चूक मी आदल्या दिवशी केलेली असते."

"म्हणजे आमच्या ड्रायव्हरला गाडी येत नसली तरी चालेल म्हणा की!"

"ड्रायव्हर असतो तर नसतं चाललं," सर अगदी मनापासून म्हणाले. "तुमचं बरोबर आहे."

बरोबर आहे म्हटल्यावर भांडण संपलं. अनिकेतला त्यांनी काढून घेतलं आणि पुण्यातल्या एका चकचकीत संस्थेत घातलं. जाताना अनिकेतने सरांना वाकून नमस्कार केला. सर म्हणाले, "तिथे काही नवीन कळलं तर आम्हाला कळव रे." त्यात टोमणा नव्हता. सरांना टोमणा मारता येत नसे. अनेक गोष्टी येत नसत, त्यातली ती एक.

पुढच्या वर्षी पुण्यातल्या एका कंपनीत मी मुलाखतीला गेले. बँकांना कर्जव्यवहाराची सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी. बाहेर बसलेली मुलं मोठमोठ्या कॉलेजांची होती आणि आपापसात जे बोलत होती त्यातलं मला निम्मं कळत नव्हतं. आत गेल्यावर त्यांनी मला एक प्रोग्रॅम दाखवला आणि सांगितलं, "समजा, आम्हाला यातलं काहीही कळत नाही. समजावून सांगा." मला हसू आवरेना. ज्याला खरोखरच काही कळत नाही अशा माणसाला मी वर्षभर रोज हेच सांगत होते. मी संकल्पापासून सुरुवात केली. नोकरी लागली. दीपालीलाही मुंबईत एका वित्तसंस्थेत लागली. बाबा पेढे घेऊन क्लासचा जिना चढले आणि सरांना म्हणाले, "तुम्हाला येत नव्हतं ते बरंच झालं म्हणायचं!" सर म्हणाले, "मला आता थोडं थोडं येतं हो. त्याचीच काळजी वाटते."

ती काळजी खरी ठरली नाही, पण क्लास मात्र चालला नाही. मोबाईलवर सगळं फुकट मिळायला लागलं. बोर्डावरचा रंग उडाला, भाडं वाढलं आणि झेरॉक्सवाल्याला वरची खोली गोदामाला हवी होती. तेव्हाच अनिकेत नाशिकला परतला आणि कॉलेज रोडवर त्याने काचेच्या दारांचा, गार हवेचा क्लास उघडला. सरांचा बोर्ड उतरल्याचं कळताच तो स्वतः त्यांच्या घरी गेला. "सर, तुम्ही आमच्याकडे या. शिकवायचं नाही. पालक येतील त्यांच्याशी बोलायचं, बस. तुमचं नाव आहे गावात."

सर गेले. पहिल्याच आठवड्यात पेठ तालुक्यातले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. शेती करणारे, टोपी हातात धरून खुर्चीच्या टोकावर बसलेले. त्यांनी विचारलं, "सर, हे केल्यावर पोरीला नोकरी लागंल ना?"

"माहीत नाही," सर म्हणाले.

मग त्यांनी मुलीशी गप्पा सुरू केल्या. तिला आकड्यांचं काही नव्हतं. तिला झाडं कलम करायला आवडत होतं आणि त्याबद्दल ती जे बोलायला लागली ते सर तासभर ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "काका, हिला इथे कशाला कोंडता? द्राक्षाच्या नर्सरीत घाला. मी येतो पाहिजे तर विचारायला." आणि खरंच त्यांना घेऊन निघाले. काचेच्या दारापाशी अनिकेतने गाठलं.

"सर, तुम्हाला इथे लोकांना आत घ्यायला बसवलंय. बाहेर न्यायला नाही."

घरी येऊन सरांनी काकूंना सांगितलं, "मी दरवान म्हणूनही नापास. अनिकेतचं काही चुकलं नाही गं, धंदा आहे त्याचा." काकूंनी मला फोनवर हे हसत हसत सांगितलं. पण त्यांनीच पुढे जराशाने विचारलं, "रेवती, तुमच्याकडे काही असलं तर बघशील का? दिवसभर घरात बसतात. पंख्याचं बटण का आवाज करतं ते शोधत असतात."

आमच्या कंपनीत नव्याने येणाऱ्या मुलांना शिकवायला माणूस हवा होता. मी सरांचं नाव सुचवलं. वयावरून थोडी कुजबुज झाली, पण आमच्या विभागप्रमुख सबनीस मॅडम म्हणाल्या, येऊ दे, एक धडा घेऊ दे, बघू. सर पुण्याला आले. नवा निळा शर्ट होता. बाहीची इस्त्री इतकी कडक की हात वाकवताना ते जपून वाकवत होते.

सुरुवात फार छान झाली. त्यांनी समोरच्या सगळ्या इंजिनिअरांना उभं करून संकल्प सोडायला लावला आणि ती मुलं हसत हसत शिकायला लागली. मी मागच्या भिंतीला टेकून निवांत झाले. तेवढ्यात सबनीस मॅडमनी हात वर केला.

"सर, समजा दोन माणसं आहेत. पगार सारखा, मागितलेलं कर्ज सारखं. आपला प्रोग्रॅम एकाला होकार देतो, दुसऱ्याला नकार. असं का झालं, हे तुम्ही या मुलांना कसं समजावाल?"

सरांनी डोळे मिटले. मला ते डोळे मिटणं ओळखीचं होतं. पुढचे शब्दही. मी मनातल्या मनात म्हटलं, सर, आज नको.

"माहीत नाही," सर म्हणाले. मग मॅडमकडे उत्सुकतेने वळून, "तुम्हाला माहीत आहे का?"

क्लासमध्ये ते आम्हाला असंच विचारायचे. कुणाला तरी माहीत असेल तर किती बरं होईल, अशा आशेने. पण ऑफिसात हा प्रश्न त्या आशेने कुणी विचारत नाही. तिथे तो समोरच्याला उघडं पाडायलाच विचारला जातो. मॅडमचा चेहरा आवळला. उत्तर त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. सर आपले वाट बघत उभे.

जागा एका तरुणाला मिळाली. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला एक रंगीत स्लाइड होती. मला ऑफिसकडून कळलं ते असं: "शिकवतात चांगलं, पण कॉन्फिडन्स कमी वाटला." भरल्या खोलीत, नोकरी मागायला आलेला असताना, मला येत नाही असं सांगायला जे लागतं त्याला आमच्याकडे हे नाव आहे.

नाशिकच्या बसपर्यंत मी त्यांना सोडायला गेले. सरच बोलले. "प्रश्न फार सुंदर होता गं त्या बाईंचा. मी उगाच घाई केली. आधी थोडा विचार करून मग माहीत नाही म्हणायला हवं होतं." मी हसले. तेही हसले. बस लागली, लोक चढायला लागले आणि पिशवी खांद्याला अडकवता अडकवता ते म्हणाले, "मला ही नोकरी हवी होती, रेवती."

मागच्यांना वाट द्यायला मी बाजूला सरकले.

"तुम्ही सगळी पोरं जिथे जाता, तिथे दिवसभर काय चालतं ते एकदा आतून बघायचं होतं. मी नुसताच जिन्याखालपर्यंत पोचवत राहिलो." मग पायरीवर पाय ठेवून, "शर्ट मात्र चांगला आहे. हिने घेतला," असं म्हणून आत शिरले. बस सुटेपर्यंत ते खिडकीशी दिसले नाहीत. पलीकडच्या बाजूला बसले असावेत.

हल्ली काही सांगितलं की प्रोग्रॅम आपोआप लिहून देणारी यंत्रं निघाली आहेत. आम्ही ऑफिसात ती दिवसभर वापरतो. दीपालीने सरांना त्यातलं एक मोबाईलवर घालून दिलं. कसं वाटलं विचारल्यावर म्हणाले, "हुशार आहे. पण त्याला काहीही विचारा, येतंच. अडतच नाही कुठे. फार एकटा असेल बिचारा."

पुण्याहून गेल्यावर सरांचा बरेच दिवस फोन नव्हता. मी केला तर काकू म्हणत, कामात आहेत. मग एक दिवस दुपारी आला. आवाज चढलेला.

"रेवती, सबनीसबाईंचा प्रश्न सुटला! मी स्वतः एक छोटा प्रोग्रॅम केला. दोन माणसं, पगार सारखा, कर्ज सारखं. पहिल्याला होकार, दुसऱ्याला नकार! मग मी दोघांच्या जागा बदलल्या. तर आता ज्याला होकार होता त्याला नकार. म्हणजे माणसात काही नाही गं. जो दुसरा उभा राहील तो गेला. दुसरा नंबर लागला एवढाच त्याचा गुन्हा!"

"सर," मी शक्य तितक्या हळू म्हटलं, "म्हणजे प्रोग्रॅममध्ये चूक आहे."

"कुठे?"

"बहुतेक तुम्ही जिथे—"

"थांब! सांगू नकोस!" सर ओरडले आणि फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी मी नाशिकला गेले तेव्हा पंचवटीत त्यांच्या घरी डोकावले. काकूंनी दार उघडलं आणि आधी ओठांवर बोट ठेवलं. "ये. पण काही सांगायचं नाही अशी सक्त ताकीद आहे तुला." सर आतल्या खोलीत पाठमोरे बसले होते. बनियनवर, मान पुढे काढून, एका बोटाने टाइप करत. मी आल्याचं त्यांना कळलं. त्यांनी मागे न बघता नुसता हात वर केला, वाहतूक पोलीस करतो तसा.

स्क्रीनवर अक्षरं मोठी केलेली होती, दारातूनही वाचता येत होती. दुसऱ्यांचे प्रोग्रॅम तपासण्याचाच मला पगार मिळतो. चूक मला उभ्या उभ्या दिसली. पहिल्या माणसाचा हिशेब झाला की बेरीज पुन्हा शून्यावर आणायची राहिली होती, आणि पहिल्याचं सगळं कर्ज दुसऱ्याच्या डोक्यावर तसंच बसत होतं. एका ओळीचं काम.

मी बाहेर येऊन पाटावर बसले. काकूंनी चहा दिला. आम्ही हळू आवाजात दीपालीच्या बाळाबद्दल बोललो, बाबांच्या गुडघ्याबद्दल बोललो. बरणीतला चिवडा संपत आला. आतून एका बोटाची टकटक चालूच होती. मधेच ती थांबायची आणि सरांचं पुटपुटणं ऐकू यायचं, पुन्हा सुरू व्हायची.

मग एकदम खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"सापडली!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी कप खाली ठेवला आणि उठले. मी दारापर्यंत पोचायच्या आतच आतून खुर्ची पुन्हा पुढे सरकली.

"नाही नाही, बस तू," सर म्हणाले. आवाजात आनंद मावत नव्हता. "ही दुसरीच निघाली."